दुपारची मालकी

नोकरदार माणूस निवृत्त झाला की त्याचा वेळ आता कसा जाणार, याची काळजी सगळ्यांनाच लागते. निरोप समारंभात प्रत्येक वक्ता त्यावर काही ना काही सुचवतो: नातवंडांत रमा, तीर्थयात्रा करा, राहून गेलेले छंद पुरे करा. ज्या घरात हा माणूस आता दिवसभर असणार, त्या घराच्या दुपारी इतकी वर्षे दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात होत्या, हे मात्र अशा एकाही भाषणात मी ऐकलेले नाही. आमचे हे जलसंपदा खात्यातून, म्हणजे साताऱ्याकडे लोक अजूनही ज्याला पाटबंधारे म्हणतात त्या खात्यातून, नियमाप्रमाणे ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि शाल-श्रीफळासह थेट माझ्या दुपारीत दाखल झाले.

यांची बरीचशी नोकरी धरणांवर गेली. कोयनानगर, धोम, कण्हेर अशा बदल्या होत राहिल्या आणि मुलांच्या शाळेमुळे मी साताऱ्यातच राहिले. शनिवारी संध्याकाळी मळलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन हे यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने धुतलेले कपडे व शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन परत जायचे. रविवारच्या माणसाचे सगळेच गोड वाटते; तो फार काही विचारत नाही आणि आपणही त्याच्यासाठी सुरळीच्या वड्या करतो. आठवड्याचे सातही दिवस एकमेकांसमोर काढण्याचा सराव आम्हा दोघांनाही नव्हता. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्रित फोटो लागतो म्हणून स्टुडिओत गेलो, तेव्हा लग्नाचा अल्बम सोडला तर फक्त आम्हा दोघांचा असा फोटो घरात नाही, हे ध्यानात आले. फोटोग्राफर 'काका, जरा जवळ सरका' असे दोनदा म्हणाला, तरी त्या फोटोत आमच्यामध्ये पेन्शनची फाइल सहज बसेल इतकी जागा राहिलीच आहे.

दुपारी एक ते चार हा माझा कामाचा वेळ. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ शिलाईचे मशीन आहे आणि साड्यांना फॉल लावणे, पिको करणे, ओळखीच्या बायकांचे ब्लाऊज शिवणे हे काम मुले शाळेत जाऊ लागल्यापासून मी करत आले आहे. बायका दुपारीच येतात, कारण त्यांनाही तेव्हाच सवड असते. ब्लाऊजचे माप द्यायचे, मागचा गळा किती खोल ठेवायचा ते ठरवायचे, जमल्यास सासूबद्दल किंवा सुनेबद्दल दोन शब्द बोलून मन हलके करायचे, हे सगळे सोफ्यावर एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसलेले असताना होत नाही. हे बिचारे अगत्याने 'या, बसा' म्हणत, पाणी आणून देत, आणि त्या अगत्यानेच बायका अधिक संकोचत. दिवाळीच्या तोंडावर, अगदी ऐन हंगामात, दोघी-तिघी 'पुन्हा येते' म्हणून दारातूनच परत गेल्या, तेव्हा मला बोलणे भाग पडले. यावर हे म्हणाले, "अगं, मग मी काय गच्चीवर जाऊन बसू?" प्रश्न रास्त होता. स्वतःच्या घरात कुठे बसावे असा प्रश्न माणसाला साठीच्या आसपास पडणे चांगले नाही; पण माझेही काम त्याच घरात होते आणि मला कोणी शाल-श्रीफळ दिलेले नव्हते.

हे आतल्या खोलीत बसू लागले आणि तिथे त्यांनी कचेरी उघडली. एक जाडजूड वही आणून तिच्यात रकाने आखले: अनुक्रमांक, साडी आल्याची तारीख, वर्णन, दिल्याची तारीख, येणे रक्कम, शेरा. आता माझ्या कामाची रीतसर आवक-जावक ठेवली जाते. 'मोरपंखी काठपदर, फॉल गिऱ्हाईक आणून देणार, प्रतीक्षेत' अशा नोंदी मी वाचते तेव्हा हसू आवरत नाही. पण कोणाची साडी कोणाला गेली असा घोटाळा वहीमुळे होत नाही, हेही खरेच आहे. पुढे वहीवरून यांच्या असे लक्षात आले की शेजारच्या वहिनींकडून मी पिकोचे पैसे कधीच घेतलेले नाहीत आणि बाकीच्यांचे दरही कित्येक वर्षे वाढवलेले नाहीत. ताबडतोब दरवाढीचा लेखी प्रस्ताव आला. तो मी नामंजूर केला. वहिनी माझ्या आजारपणात दहा दिवस डबा देत होत्या, त्याचा रकाना त्या वहीत नाही.

सकाळ मात्र दोघांची आहे आणि ती मला आवडू लागली आहे. हे पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याच्या बाजूला 'चार भिंती' या स्मारकापर्यंत फिरून येतात आणि येताना भाजी आणतात. पावसाळ्यात चहाबरोबर कोयनेचा पाणीसाठा ऐकावा लागतो: १०५ टीएमसीच्या धरणात काल किती होते, आज किती झाले, पाण्याची आवक किती क्युसेक, वक्र दरवाजे केव्हा उचलतील. धरण आता यांच्यावर अवलंबून नाही, हे यांना पूर्ण पटलेले आहे असे वाटत नाही. त्यानंतर मेथीची जुडी पुढ्यात येते. हे मेथी एकेक पान खुडून निवडतात, काडीचा तुकडा राहू देत नाहीत; मी तीन जुड्या संपवीन तेवढ्या वेळात यांची एक होते. पण तेवढ्या वेळात बोलणे होते. कोयनानगरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो हे मला माहीत होते. मात्र तिथल्या खोलीत कपडे वाळत नसत म्हणून हे रात्री स्टोव्हवर तवा तापवून त्यावर सदऱ्याच्या बाह्या धरत, एकदा त्यात कॉलर जळाली आणि तो सदरा मला दिसू नये म्हणून तिथेच देऊन टाकला, हे मला इतक्या वर्षांनी मेथी निवडताना कळले. रविवारी असल्या गोष्टी सांगायला वेळ कुठे असायचा?

निवृत्त माणसाचा वेळ हा सगळ्या कुटुंबाचा राखीव साठा आहे, अशी मुलांची समजूत असते. मुलगा आणि सून पुण्यात नोकरी करतात; पाळणाघराला सुट्टी लागली किंवा नातीला ताप आला की फोन येतो, "आई, तुम्ही दोघे मोकळेच आहात ना?" आम्ही जातो आणि आनंदाने जातो. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. पुरुषांना ते ६५ व्या वर्षानंतर मिळते आणि मोफत प्रवास ७५ नंतर. त्यामुळे स्वारगेटच्या गाडीत 'एक फुल, एक हाफ' असे म्हणताना यांच्या चेहऱ्यावर राज्य शासनाने आपल्यावर अन्याय केल्याचा भाव असतो. पुण्याच्या घरात मात्र आम्ही दोघेही पाहुणे. सून आठवड्यातून काही दिवस घरूनच काम करते, आणि दार लावून मीटिंगमध्ये बोलत असताना बाहेर सासू-सासरे चहाचे कप आपटत आहेत, हे तिला किती अडचणीचे होत असेल ते मला न सांगता कळते. ती काही बोलत नाही, मीही नाही. नात उठली की आम्ही तिला घेऊन सोसायटीच्या बागेत उतरतो आणि सुनेचे काम संपेपर्यंत वर जात नाही. यांना हे शिष्टाचार सांगावे लागले नाहीत. साताऱ्यात तालीम झालेली होती.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो. तो आता मोबाइलवरूनही देता येतो, पण हे स्वतः बँकेत जाऊन कोषागाराच्या यादीत आपल्या नावासमोर सही करतात, कारण तिथे जुनी माणसे भेटतात. मीही बरोबर जाते. बाकावर बसलेल्या बायकांशी बोलताना कळले की यजमान घरी बसल्यापासून कोणाच्या भिशीचा अड्डा मोडला आहे, कोणाची दुपारची झोप गेली आहे, तर एकीचे यजमान कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजतात. तिकडे काउंटरजवळ पुरुषांची वेगळीच मसलत चालली होती. तिचे फळ असे की, आमच्या आळीतल्या एका गॅरेजमध्ये आता रोज दुपारी एक ते चार कॅरमचा डाव बसतो आणि यांची तिथे नेमाने हजेरी लागते. माझी गिऱ्हाइके परतली आहेत. ज्या घराचे ते गॅरेज आहे, तिथल्या बाईंच्या दुपारीचे काय झाले ते एकदा विचारायला हवे; त्यांचे दोन ब्लाऊज माझ्याकडे शिवायला पडलेले आहेत.