तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ निघाली, मग दवाखाना का सुटत नाही?

शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी, धरमपेठेतल्या शेजारच्या वहिनी, लग्नकार्यात भेटणारे नातलग, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "गाठ तर सहा वर्षांपूर्वीच काढली नं ताई, मग अजून एवढ्या तपासण्या कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, आणि मी मात्र उभ्या उभ्या "चालू असतं काही ना काही" एवढेच सांगून पुढे निघते. ते उत्तर अपुरे आहे, म्हणून आज नीट लिहिते.

माझ्या आजाराचे नाव ॲक्रोमेगली. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ मध्ये त्याला हे नाव दिले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात बहुधा साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, गाठ झाली की वाढीचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त तयार होऊ लागते. ते यकृताकडून आयजीएफ-१ नावाचे दुसरे संप्रेरक तयार करवून घेते आणि शरीर वाढीला लागते. लहानपणी हे झाले तर उंची वाढते. मोठ्या वयात हाडांची वाढीची टोके मिटलेली असल्याने उंची तेवढीच राहते, पण हात, पाय, जबडा, नाक आणि जीभ रुंदावतात, आणि त्यांच्याबरोबर आतले अवयवही. लोकांना माझा चेहरा दिसतो. दवाखाना सुटत नाही तो आतल्या अवयवांमुळे.

हे कळायलाच माझी जवळजवळ आठ वर्षे गेली, आणि या आजारात निदानाला पाच-दहा वर्षे लागणे दुर्मीळ नाही, कारण प्रत्येक तक्रारीला काहीतरी वेगळे कारण सापडत जाते. मला घाम फार येई. पण नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तिथे घामाची तक्रार ऐकणार कोण? तो मला डिसेंबरातही येत होता. फळ्यावर लिहिताना बोटांना मुंग्या येत, त्याचे खापर मानेच्या मणक्यांवर फुटले. शुगर निघाली, तर ती घराण्यातच आहे. बीपी वाढले, तर ते वयाचे. चपलेचा नंबर पाचचा सात झाला आणि बोटातली अंगठी इतवारीतल्या सराफाकडून कापून काढावी लागली, ते सगळे वजनाच्या खात्यावर गेले. आवाज इतका जड झाला की फोनवर अनोळखी लोक मला "सर" म्हणू लागले. मनाला सर्वांत जास्त तेच लागले, आणि नेमके तेच मी एकाही डॉक्टरांना सांगितले नाही. सांगायला हवे होते.

शेवटी ओळखले ते भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी. मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचे लहानसे ऑपरेशन ठरले होते आणि त्या आदल्या दिवशी तपासायला आल्या होत्या. त्यांनी मला तोंड उघडायला सांगितले, जाड झालेली जीभ पाहिली, खालच्या दातांमधल्या फटी पाहिल्या आणि जुना एखादा फोटो आहे का, असे विचारले. पर्समध्ये शाळेचे बारा वर्षांपूर्वीचे ओळखपत्र होते. ते हातात धरून त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. ऑपरेशन त्यांनी पुढे ढकलले. या आजारात जीभ आणि घशातला मऊ भाग वाढलेला असल्याने श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते, म्हणून भूल देणाऱ्याला ते आधी ठाऊक असणे फार गरजेचे असते.

माझी गाठ अठरा मिलिमीटरची होती. दहाच्या वरच्या गाठीला मोठी म्हणतात, आणि ती नाकावाटे कितीही कुशलतेने काढली तरी पुष्कळदा पूर्ण निघत नाही. ती वर डोळ्यांच्या नसांना टेकली होती, त्यामुळे नजरेच्या दोन्ही कडा गेल्या होत्या; व्हरायटी चौकात बाजूने येणारी स्कूटर मला दिसत नसे आणि मी ते माझ्या धांदरटपणाचे लक्षण समजत होते. ऑपरेशननंतर नजर सुधारली, शुगरची एक गोळी बंद झाली, पण तीन महिन्यांनी रक्तातले आयजीएफ-१ अजून वरच निघाले. तेव्हापासून दर अठ्ठावीस दिवसांनी ऑक्ट्रिओटाइडचे, म्हणजे वाढीचे संप्रेरक दाबून ठेवणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन घेते. ते फ्रिजमध्ये ठेवावे लागते, म्हणून मे महिन्यात औषधाच्या दुकानातून ते बर्फाच्या डब्यात आणावे लागते. त्याने पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यामुळे तेही डॉक्टर विचारात ठेवतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. संप्रेरकाचा आकडा खाली आला की सूज उतरते, घाम कमी होतो, शुगर बरीच आटोक्यात येते. पण वाढलेले हाड परत लहान होत नाही आणि झिजलेला सांधा परत भरून येत नाही. माझे गुडघे आणि कंबर आकडा चांगला असतानाही दुखतात. हृदयाची भिंत जाड झाली होती, ती थोडी सुधारली. झडपेतली गळती आहे तशी आहे, म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. या आजारात पूर्वी मृत्यूचे मुख्य कारण हृदयच असे. आजार ताब्यात राहिला तर आयुष्य इतरांसारखे होऊ शकते, हे मला त्या तपासणीच्या रांगेत बसताना आठवते. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास कमी झाला, गेला नाही. स्लीप स्टडी करून मशीन लावून झोपते, आणि सकाळचे डोके दुखणे थांबले, हे मी प्रत्येकाला सांगत असते. मणक्यांचे मला स्वतःला सर्वांत आश्चर्य वाटले: हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत आकडा ठीक येऊनही या रुग्णांचे मणके दबू शकतात, आणि ते एक्स-रेमध्ये दिसते. माझा एक मणका असाच दबलेला निघाला. शिवाय मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर मांसल फुगवटे, होण्याची शक्यता जास्त, म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीने आतडे आतून पाहण्याची तपासणी. माझा एक पॉलिप त्यातच सापडला आणि तेव्हाच काढला गेला. आतडे या आजारात लांबलेले असते, त्यामुळे आदल्या दिवशीची तयारी इतरांपेक्षा कडक करावी लागते.

आणखी एक गोष्ट घरच्यांना पाठ आहे. गाठ आणि ऑपरेशन या दोहोंमध्ये ग्रंथीचा चांगला भागही दुखावला, त्यामुळे आजारपणाचा ताण झेलायला लागणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक माझे शरीर पुरेसे तयार करत नाही. त्याची भरपाई म्हणून रोज हायड्रोकॉर्टिसोनची गोळी घेते. ताप आला तर डोस दुप्पट करायचा, आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शनसाठी ताबडतोब दवाखाना गाठायचा. उन्हाळ्यात हगवण-उलटीची साथ आली की मुलगा हे सगळे लिहिलेले माझ्या पर्समधले कार्ड जागेवर आहे ना, हे आधी पाहतो.

एवढे सगळे परवा वहिनींना त्यांच्या ओट्यावर बसून सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या भावाची अंगठी दोनदा मोठी केली ताई, आणि घोरणं तर पलीकडच्या खोलीत ऐकू येतं." त्या भावाला शुगरही आहे. मी एका कागदावर "आयजीएफ-१" लिहून दिले आणि त्याच्याखाली लिहिले की डॉक्टरांकडे जाताना दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो न्यावा.