तुम्ही विचारलंत म्हणून: खोट्या देशांचे कायदे

हळदीकुंकवाला विचारतात, ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर विचारतात, परवा तर दवाखान्यात नंबर लावून बसले होते तिथंही शेजारच्या काकूंनी विचारलं. "काय गं, अजून ते खोट्या देशांचे कायदे लिहितेस का? मिळतं काय त्यातून?" इतके दिवस मी "वेळ जातो" म्हणून सटकत आले. पण आता आमच्या आईनंही येणाऱ्या-जाणाऱ्याला "ती तिकडं मंत्री आहे" असं सांगायला सुरुवात केली आहे, तेव्हा एकदा नीट लिहून टाकते.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये भाच्यानं मला नेशनस्टेट्स उघडून दिलं. मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकानं २००२ साली आपल्या कादंबरीची जाहिरात म्हणून काढलेला हा इंटरनेटवरचा खेळ. ती कादंबरी वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे, खेळ मात्र जोरात चालू आहे. इथं प्रत्येकाला एक देश मिळतो. माझ्या देशाचं नाव हरिपूर, चलन हळकुंड, राष्ट्रीय प्राणी मगर. सांगलीकरांना यातलं काही समजावून सांगायला नको.

देश चालवण्यात मला दोन आठवड्यांत कंटाळा आला. अडकले ते वर्ल्ड असेंब्लीत, म्हणजे या खोट्या देशांसाठी कायदे करणाऱ्या सभेत. आधी तिचं नाव युनायटेड नेशन्सच होतं. २००८ साली खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून कायदेशीर हरकत आली, नाव बदलावं लागलं आणि तोवरचे सगळे ठराव इतिहासजमा होऊन कायद्यांचं पुस्तक कोरं झालं. खऱ्या संयुक्त राष्ट्रांना जिची दखल घ्यावीशी वाटली, तिला तुम्ही हसता, एवढंच माझं म्हणणं.

तिथं कायदा कसा होतो ते थोडक्यात सांगते. तुम्ही मसुदा लिहिता, इतर खेळाडू महिनोन् महिने त्याची साल काढतात. मग तो दाखल करायचा. खेळातल्या देशांचे गट म्हणजे प्रदेश. त्या प्रदेशाप्रदेशांचे प्रतिनिधी असतात, त्यांतल्या सहा टक्क्यांनी मान्यता दिली तर तो रांगेत लागतो आणि पाळी आली की चार दिवस मतदान. मंजूर झाला की सगळ्या सदस्य-देशांना बंधनकारक. पाळायचा की नाही हे विचारायला कुणी येत नाही. रात्री बुटकी भुतं येतात आणि तुमच्या देशाचे कायदे बदलून जातात, असा तिथला जुना विनोद आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मंजूर ठरावात दुरुस्ती करता येत नाही. एक स्वल्पविरामसुद्धा हलत नाही. चूक सापडली तर अख्खा ठराव रद्द करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता तो ठराव.

२०१९ चा ऑगस्ट मी सांगणार नाही. तुम्ही होतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर, हे आकडे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. आम्ही गावभागात वरच्या मजल्यावर होतो आणि खाली आजोबांचं कपाट तरंगत होतं. त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली: वरून किती पाणी सोडणार हे आम्हाला आधी नीट कळलं असतं तर. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. तेव्हा मी खेळात मुरले होते. पाणी ओसरलं, भिंती वाळायच्या होत्या, आणि मी मसुदा लिहायला बसले.

खेळाचा नियम असा की ठरावात खऱ्या जगातलं काही येता कामा नये. कृष्णा नाही, कोयना नाही, खाली कर्नाटकातलं अलमट्टी नाही. मी लिहिलं 'सामायिक नदी', 'वरच्या अंगाचं राष्ट्र', 'खालच्या अंगाचं राष्ट्र'. खरं सांगते, फार बरं वाटलं. आपल्याकडं धरणाचं नाव काढलं की पुढच्या वाक्याला पक्ष येतो, राज्य येतं, लवाद येतो. तिथं फक्त पाणी होतं आणि माणसं होती.

माझं तिसरं कलम असं: खालच्या राष्ट्राला किमान ४८ तास आधी लेखी सूचना दिल्याशिवाय कोणत्याही सदस्य-राष्ट्रानं धरणातून वाढीव विसर्ग करू नये. हे कलम मला इतकं आवडलं होतं की मी ते आईला मराठीत करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असं हवंच होतं." चार महिने मसुद्यावर चर्चा झाली. लोकांनी 'धरण' शब्दाची व्याख्या बदलायला लावली, खाजगी मालकीची धरणं आत आणायला लावली. एकानं विचारलं होतं, आणीबाणीचं काय? मी उत्तर दिलं, ते गृहीतच आहे.

मी हिशेबतपासणी करते. कुणी "खर्च झालाय हे गृहीतच आहे" म्हणालं तर मी व्हाउचर मागते आणि व्हाउचर नसेल तर लाल शाईनं लिहिते. हे मला त्या दिवशी आठवलं नाही.

ठराव मंजूर झाला. मोठ्या फरकानं. माझ्या देशाच्या पानावर ठराव लिहिणाऱ्याचा बिल्ला लागला. त्याचा फोटो मी भावाला पाठवला, त्यानं अंगठा पाठवला. अहंकार होता का? होताच. चार दिवस मी ऑफिसात जरा ताठ चालत होते.

काही महिन्यांनी एका खेळाडूचा टेलिग्राम आला (खेळातल्या निरोपाला तिथं टेलिग्राम म्हणतात). त्याचा देश बहुधा पेंग्विनांचा होता. त्यानं अदबीनं लिहिलं होतं की तिसऱ्या कलमात गंभीर चूक आहे, ठराव रद्द करायचा प्रस्ताव तयार आहे, पण तुम्ही दुरुस्त मसुदा लिहिणार असाल तर थांबतो. मी काय उत्तर दिलं ते लिहायला लाज वाटते. मी लिहिलं, "तुम्ही आयुष्यात कधी पूर पाहिलाय का?" त्याचं उत्तर आलं, "नाही. तुमचा ठराव वाचलाय."

मग त्यानं प्रस्ताव मांडला. त्यात एक उदाहरण होतं. एका नदीवर चार राष्ट्रं. पहिल्याचं धरण डोंगरात, दुसऱ्याचं शहर मध्ये, तिसऱ्याचं मोठं धरण खाली, आणि त्याच्याही खाली चौथ्याची गावं. अतिवृष्टी होते. दुसऱ्याचं शहर बुडायला लागतं. ते तिसऱ्याला ओरडून सांगतं, दारं उघडा, पाणी पुढं जाऊ द्या. तिसरं राष्ट्र म्हणतं, उघडतो, पण ठरावाप्रमाणं चौथ्याला ४८ तासांची सूचना द्यायला हवी. तोवर शहर पाण्याखाली.

मी ते वाचलं आणि स्क्रीन उलटी करून ठेवली.

कोयनेचं धरण, सांगली, अलमट्टीचं धरण, त्याखालचं रायचूर. त्या माणसानं सांगलीचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही, आणि त्यानं माझाच नकाशा काढला होता. २०१९ मध्ये आपण सगळे कशासाठी घसा कोरडा करत होतो? अलमट्टीचा विसर्ग वाढवा, आत्ता वाढवा. (अलमट्टीचा फुगवटा सांगलीपर्यंत येतो की नाही, यावर समित्या बसल्या, अहवाल आले, भांडण मिटलेलं नाही. ते इथं नको.) मुद्दा असा की मी सांगलीसाठी लिहिलेल्या कायद्यानं सांगलीची ती मागणीच बेकायदा ठरत होती. आणि १०५ टीएमसीचं कोयनेचं धरण काठोकाठ भरल्यावर त्याला ४८ तास थांब म्हणणं म्हणजे काय, हेही मला उमगलं नव्हतं. रायचूरच्या बाजूच्या गावांचा तर विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता, ना त्यांना वाचवण्याचा, ना त्यांच्यावर पाणी सोडण्याचा.

इथं कुणालाही वाटेल की मी चूक कबूल केली असेल. नाही केली. चार दिवस मी भांडले. खेळातल्या हरिपूरच्या राजदूतबाईंच्या तोंडून भांडले, मग राजदूतबाईंना बाजूला सारून स्वतःच्या तोंडून भांडले. 'सद्‌बुद्धीनं अर्थ लावावा' हे तत्त्व काढलं. रात्री दोन-दोन वाजता प्रतिनिधींना टेलिग्राम पाठवले. मोठ्या प्रदेशांच्या प्रतिनिधींची मतं त्यांच्या पाठीशी असलेल्या देशांच्या संख्येनं मोजली जातात. एकेकाचं मत शेकड्यांनी पडतं. असा एक प्रतिनिधी पहिल्याच दिवशी माझ्या विरोधात गेला आणि बाकीची मेंढरं त्याच्या मागून. आई दारात येऊन म्हणाली, "अगं, कुठल्या निवडणुकीला उभी आहेस?" तेव्हा हेही कबूल करायला हवं की माझा ठराव मंजूर झाला तेव्हा हीच मेंढरं माझ्या बाजूनं गेली होती आणि मी त्यांना तेव्हा 'जागतिक जनमत' म्हटलं होतं.

ठराव रद्द झाला. मी विरोधात मत दिलं होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. चौथ्या दिवशी बदलायला हात गेला होता, हे आज पहिल्यांदा सांगते आहे. का बदललं नाही ते मला नक्की सांगता येत नाही. स्वतःच्या लेकराविरुद्ध साक्ष द्यायची नसते, असं काहीतरी वाटलं असेल. पण लेकरू लोकांना बुडवत होतं ना? तेव्हाची मी म्हणते, कुठं कोण बुडत होतं, सगळं खोटं तर होतं! आणि तुम्ही हसलात की मग हीच बाई म्हणते, खोटं काही नाही त्यात. दोन्ही एका तोंडानं कसं म्हणतेस, असं मी तिला विचारते. ती उत्तर देत नाही.

रद्द झाल्यावर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. खरा करार वाचला. आंतरराष्ट्रीय नद्यांच्या वापराचा १९९७ चा संयुक्त राष्ट्रांचा करार, जो अमलात यायला २०१४ उजाडलं. भारत त्या मतदानात तटस्थ होता. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. नदीवर नवं काही बांधायचं योजलं असेल तर शेजाऱ्याला कळवून उत्तरासाठी सहा महिने थांबायचं. आणि आपत्ती आली तर अठ्ठाविसावं कलम: विलंब न करता, असेल त्या सगळ्यांत जलद मार्गानं कळवायचं. थांबायचं नाही, कळवायचं. मी थांबण्याचा नियम उचलून आपत्तीच्या जागी बसवला होता. एका क्रियापदाची चूक.

तर मिळतं काय? २०२५ ची बंदी येईपर्यंत तुम्ही आयपीएलच्या मोसमात मोबाइलवर खोटे संघ लावत होतात, त्यात खरे पैसे घालवत होतात, तुम्हाला कुणी विचारलं नाही. हे झालं चिडून. शांतपणे सांगायचं तर, आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी पंधरा वर्षं जाते आहे आणि तिथं मला एकदाही कुणी माझं वाक्य कुठं फसलंय ते दाखवलेलं नाही. "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि वडापाव खातात. तिकडं एका अनोळखी माणसानं माझा मसुदा माझ्यापेक्षा लक्षपूर्वक वाचला. हे सुख आहे असं मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नव्हतं.

आणि खेळातले लोक दुसरंच विचारतात: नवा मसुदा का नाही आणलास? तो आहे. दोन पावसाळे झाले, माझ्या लॅपटॉपवर पडून आहे. चौथ्या कलमाची सुरुवात आहे, 'तातडीची परिस्थिती म्हणजे', आणि पुढं काही नाही. धरणाला धोका असेल तेव्हा, असं लिहिलं तर तो धोका ठरवणार कोण? धरणवालाच. मग त्याला प्रत्येक विसर्ग तातडीचाच वाटणार आणि सूचनेचं कलम शोभेचं उरणार. खालच्या राष्ट्राची संमती घ्यायची म्हटली तर बुडायला संमती कोण देईल? दोघांच्या अभियंत्यांनी मिळून ठरवायचं, तर मध्यरात्री तीन वाजता, फोन बंद पडलेले असताना, कोण कुणाला भेटणार आहे?

गेल्या महिन्यात शेवटी मी त्या पेंग्विनवाल्यालाच टेलिग्राम केला. तीन पर्याय लिहून पाठवले. त्यानं दोन दिवसांत तिन्हींखाली शेरे मारून परत पाठवले. पहिले दोन मी मुकाट्यानं खोडले. तिसऱ्यावरून आमचं अजून चालू आहे.