ग्राउन: मनोरा बघाच, पण त्याखालचं गावही

तळ्याच्या पाण्यातून वर आलेल्या चर्चच्या मनोऱ्याचा फोटो तुम्ही पाहिला असेलच. मीही त्या फोटोपायीच ग्राउनला गेले. अर्धा तास थांबायचं ठरवलं होतं, पण सगळा दिवस तिथेच गेला.

गाव इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत आहे. मेरानोहून माल्सपर्यंत रेल्वे, तिथून वर बस. मुक्कामाच्या हॉटेलात गेस्ट पासची चौकशी जरूर करा. तो मिळाला तर या बस-रेल्वेला वेगळं तिकीट लागत नाही.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा, लोक जर्मन बोलणारे. 1919च्या तहात तो इटलीला मिळाला आणि मुसोलिनीच्या राजवटीत शाळांतून जर्मन हद्दपार झाली. 1939 साली लोकांपुढे पेच टाकला गेला: हिटलरच्या जर्मनीत निघून जा, नाहीतर इटालियन होऊन राहा. त्याच सुमारास वीजनिर्मितीसाठी इथल्या तळ्याच्या पाण्याची पातळी 22 मीटरनं वाढवायचं ठरलं. त्याची नोटीस गावात लागली ती इटालियनमध्ये. ज्यांची घरं जाणार होती, त्यांतल्या बहुतेकांना ती भाषा धड वाचताही येत नव्हती. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. गावकऱ्यांचं गाऱ्हाणं घेऊन इथले पाद्री थेट पोपपर्यंत गेले, तरी उपयोग झाला नाही. 1950च्या उन्हाळ्यात 163 घरं पाण्याखाली गेली. चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा राखला. हिवाळ्यात त्यातून घंटा ऐकू येतात असं सांगतात, पण घंटा तर पाणी भरण्याआधीच उतरवल्या होत्या.

गाड्या थांबतात तिथे गर्दी फार असते. तिथून पुढे काठाकाठानं चालत राहा. माणसांचा आवाज मागे पडला की पाण्याचे चापटीसारखे फटके ऐकू येतात. उंची सुमारे 1500 मीटर आणि वारा बोचरा, त्यामुळे जून असला तरी जाडसर जाकीट हवंच. हिवाळ्यात बर्फावरून मनोऱ्यापर्यंत चालत जाता येतं, पण स्थानिकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. ऑस्ट्रियाकडे उतरणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर पालकाचे क्नोडल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, मागवा. 'श्पेक' म्हणजे डुकराचं मांस, तेवढा शब्द लक्षात ठेवा.

परतीची बस यायला वेळ होता, म्हणून थांब्यावरची पाटी नीट वाचली. जर्मन ग्राउन आणि इटालियन कुरोन, दोन्ही नावं तिथे शेजारी शेजारी लिहिलेली आहेत.