हरभऱ्याचं ओलीत अन् मायचा आवाज
काल रात्री अकराला लाईन आली, मोटर चालू करून धुऱ्यावर बसलो अन् कानात अमेरिकन गायक सुफयान स्टीव्हन्सचा 'कॅरी अँड लोवेल' लावला. २०१५ चा अल्बम. कॅरी म्हणजे त्याची आई, तो वर्षाचा असतानाच घर सोडून गेलेली, २०१२ मध्ये वारली. लोवेल म्हणजे सावत्र बाप, त्याच्यासोबतच यानं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहायचं कामच नाही. ड्रम जवळजवळ नाहीच, गिटार, बँजो अन् हळू आवाज, राग, माफी, अपराधीपणा सगळं इतकं हळू सांगते की स्प्रिंकलरच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पाईप बदलवून पुन्हा मागं घेऊन ऐकलं.

काही रेकॉर्डिंग तर हॉटेलच्या खोलीत आयफोनवर केलेलं आहे, मागं एसीची घरघर तशीच.

माझ्याजवळ मायचा एकच व्हॉईस मेसेज आहे, "जेवला का रे, डबा धुवून ठेवजो", मागं आमच्या जुन्या पंख्याची खडखड. ती खडखड मी एका ॲपमधून काढून टाकणार होतो. आता नाही काढत. पहाटे लाईन गेली, घरी येऊन चिखलाच्या पायानंच ओट्यावर बसलो अन् तो मेसेज लावला, तीनदा.