एपिड्युरल घेतलं की कंबर जन्माची जाते म्हणे

डिलिव्हरीला एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत बारीक नळीतून देतात ती भूल) घेणार असं नुसतं म्हणून बघा, कुणीतरी सांगणारच की नको गं बाई, त्या सुईने कंबर जन्माची जाते. आता नऊ महिने पोटाचं ओझं, हार्मोन्समुळे सांधे सैल, नंतर दिवसरात्र वाकून बाळाला पाजायचं, एवढ्यावर कंबर दुखणार नाही तर काय होणार? घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करून झालीये, जुनाट कंबरदुखी दोन्हीकडे सारखीच निघते. टोचलं तिथे थोडे दिवस ठणकतं, ते वेगळं.

दुसरी भीती पॅरालिसिसची. तर मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई सहसा त्याच्या खाली घालतात, तीही मज्जारज्जू आणि नसांभोवतीच्या आवरणाच्या बाहेरच्या जागेत. माझ्या वेळी उशी पोटाशी धरून पाठ बाकदार करून बसवलं होतं, कळ आली की भूलतज्ज्ञ मॅडम थांबायच्या, ओसरली की पुढे. सलाइनच्या सिरिंजचा दांडा त्या अंगठ्याने दाबत राहतात, लिगामेंटमध्ये तो अडतो आणि बरोबर जागी पोचला की एकदम सैल जातो, मग बारीक नळी आत सरकवून सुई काढूनच घेतात (पाठीत सुई राहते हाही गैरसमजच). सहा महिन्यांहून जास्त टिकणारी नसेची इजा १३,००० मध्ये साधारण एकीला होते, हा आकडा ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या माहितीपत्रातला.

त्याच पत्रातले बाकीचे आकडे मात्र कुणी सांगत नाही, आणि मला विचाराल तर तेच आधी माहीत हवेत. आठातल्या एकीला एपिड्युरल नीट लागूच होत नाही, दुसरं काहीतरी करावं लागतं. पन्नासात एकीचं बीपी बरंच खाली येतं, म्हणून तर सलाइन लावून सारखं बीपी बघत बसतात. आणि शंभरात एकीला ती डोकेदुखी, सुईने आवरणाला भोक पडून आतलं पाणी झिरपल्यामुळे होणारी. उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की बरं वाटतं, अशी खूण असली तर झोप झाली नसेल म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा. फारच असेल तर हातातून आपलंच थोडं रक्त काढून पाठीत त्याच जागी सोडतात, त्याला ब्लड पॅच म्हणतात, ऐकायला भयंकर पण बऱ्याच जणींना लवकर आराम पडतो.

सिझरची शक्यता याने वाढत नाही. जोर द्यायचा टप्पा लांबू शकतो, कुणाला ताप येतो, खाज सुटते. पूर्वी औषध कडक असायचं तेव्हा फोर्सेप्स-व्हॅक्यूम (चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ बाहेर काढणं) जास्त लागायचं, आताच्या हलक्या डोसवर झालेल्या अभ्यासांत तो फरक दिसत नाही.

प्लेटलेट्स फार कमी असतील, रक्त पातळ करायची गोळी-इंजेक्शन चालू असेल किंवा सुईच्या जागी इन्फेक्शन असेल तर मात्र बहुतेक नाहीच म्हणतात, म्हणून हे सगळं आठव्या-नवव्या महिन्यातच बोलून घ्यायचं, कळा सुरू झाल्यावर कुणाला काय सुचतं! आणि एक, रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ तिथे हजर असतात का ते विचारा, बोलावून घेतो म्हणाले तर किती वेळात येतात आणि नंतर नळी असेपर्यंत लक्ष कोण ठेवतं, हेही विचारा.