चोर बाजारवालं एम-वन: नंबर लागला

मंडळी, चोर बाजारात मिळालेल्या, ढाल रंगवलेल्या त्या एम-वनचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन हेल्मेटचं, काम शेवटी पुढे सरकलं. रविवारी नौपाड्यात आमच्या गॅलरीत बसून लायनरच्या (हेल्मेटच्या आतली टोपी) चामड्याच्या पट्ट्यावर टॉर्च आडवा धरला, आणि इतके दिवस जो डाग समजत होतो ती शाई निघाली! एक अक्षर आणि चार आकडे, म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर आणि सर्व्हिस नंबरचे, म्हणजे सैनिकाच्या लष्करी क्रमांकाचे, शेवटचे चार. हात थरथरत होते खरंच. नंबर इथे मुद्दाम टाकत नाही, घरचे सापडले तर आधी त्यांना कळायला हवं.

शेल, म्हणजे बाहेरचं पोलादी कवच, जुनंच आहे, कडेची शिवण पुढे, चिनस्ट्रॅपच्या (हनुवटीच्या पट्ट्याच्या) कड्या फिक्स, म्हणजे १९४३ किंवा त्याआधीचं. रंगात बुच्चाची भुकटी दिसते, वाळू नाही (ती युद्धानंतरच्या रंगात असते), हे बघून जीव भांड्यात पडला. ढालीवर भारताचा तारा, चीनचा सूर्य, खाली लाल-पांढरे पट्टे, म्हणजे सीबीआय, चीन-बर्मा-इंडिया आघाडीवरचे अमेरिकन सैनिक.

मी आधी मेरिल्स मरॉडर्सचं, म्हणजे बर्माच्या जंगलात लढलेल्या अमेरिकन तुकडीचं, स्वप्न बघत होतो, कारण ते ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईत उतरले आणि देवळालीला गेले, आणि देवळालीची लाईन म्हणजे आपलं ठाणे-कल्याण-कसारा, रोजची! पण खरं सांगायचं तर ही ढाल सीबीआयमधल्या कोणाचीही असू शकते, सप्लायवाले, लेडो रोडचे (आसामातून बर्मामार्गे चीनकडे जाणारा रस्ता) इंजिनिअर, ड्रायव्हर, आणि पुरावा नसताना मरॉडर्सचं नाव चिकटवणं मला पटत नाही, त्या माणसाने जे केलं तेच त्याच्या नावावर राहू दे.

अमेरिकेच्या भरती रेकॉर्डमधून जुळणारी नावं काढतोय, पूर्ण नंबरचा पहिला आकडा ३ असेल तर ड्राफ्टवाला, म्हणजे सक्तीच्या भरतीतला, १ असेल तर स्वतःहून आलेला, आणि आधीचा कामधंदाही लिहिलेला असतो. सध्या सहा जण उरलेत, त्यातला एक ट्रकवाला, त्याच्यावर माझं मन अडकलंय पण नुसत्या मनाने होत नाही ना. मोठी अडचण म्हणजे १२ जुलै १९७३ ची सेंट लुईसच्या लष्करी रेकॉर्ड कचेरीची आग, १९१२ ते १९६० मध्ये आर्मीतून सुटलेल्यांच्या जवळपास ८० टक्के फाइली त्यात गेल्या. मॉर्निंग रिपोर्ट, म्हणजे युनिटच्या रोजच्या हजेरीच्या नोंदी, आगीतून बचावलेत, पण त्यासाठी युनिट माहीत पाहिजे आणि तेच तर शोधतोय.

चामड्याला तेल-पॉलिश काही लावलेलं नाही, तुम्हीही लावू नका, शाई पसरते. या महिन्यात सहाही जणांचे पेन्शन आणि कबरींचे रेकॉर्ड बघतो.