भेसळीतली लोंबी

पुण्यातल्या कुठल्याही किराणा दुकानात ‘एचएमटी’ म्हणा, दुकानदार मान वर न करता गोणीकडे हात करतो. जुना एचएमटी, नवा एचएमटी, एचएमटी कोलम. हा तांदूळ ज्यांनी घडवला त्यांचं गाव माझ्या माहेरापासून फार लांब नाही. चंद्रपूर जिल्हा, नागभीड तालुका, गाव नांदेड. मराठवाड्यातलं नव्हे, पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतलं. माणसाचं नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीडएक एकर.

मी पॅकेजिंग डिझायनर आहे. मसाले, पोहे, पापड, तांदूळ यांची पाकिटं करते. आमच्या ऑफिसात एक ‘क्रिएटिव्ह टीम’ आहे आणि मी तिच्यात बसते. हिशेब बघणारे, माल चढवणारे, गाडी चालवणारे त्या टीमबाहेर. गेली काही वर्षं सर्जनशीलतेबद्दल खूप बोललं जातंय. नव्या युगात तेच कौशल्य टिकणार, मुलांना तेच शिकवायला हवं, वगैरे. मला ते पटतं. फक्त हे बोलताना डोळ्यांसमोर कोण असतं? चित्रकार, जाहिरातवाले, ॲप बनवणारे. गुडघाभर चिखलात उभा राहून धानाची एक लोंबी बोटांत फिरवून बघणारा माणूस त्या यादीत कधी नसतो. म्हणून आज दादाजींबद्दल लिहिते आहे.

१९८३ ची गोष्ट. त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ‘पटेल ३’ जातीचं धान होतं. उभ्या पिकात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, रंगाने पिवळसर.

धान करणाऱ्या घरात अशी लोंबी दिसली की काय करतात, ते मी लहानपणापासून बघितलंय. उपटून टाकतात. ती भेसळ. पुढच्या वर्षीचं बियाणं एकसारखं राहावं, बाजारात व्यापाऱ्याने भाव पाडू नये, म्हणून लोंब्या बाहेर पडल्यावर बाबा धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधांवरून, हिंडायचे आणि वेगळं दिसेल ते झाड मुळासकट काढायचे. मी मागे मागे. ‘हे पाय, हे आपलं नाही,’ म्हणत ते दाखवायचे, आणि मला खरंच काही वेगळं दिसायचं नाही. उंचीत दोन बोटांचा फरक, नाहीतर पानाच्या रंगात जरासा. ती नजर आमच्या भागात घरोघरी होती. दादाजींनीही त्याच नजरेने बघितलं आणि हात मात्र आवरला. ही लोंबी काढायची, की ही काय होते ते बघायचं? त्यांनी बघायचं ठरवलं.

त्यांनी त्या लोंब्यांचं बी जपलं आणि पुढच्या हंगामात वेगळं पेरलं. जंगल जवळ, रानडुकरांचा त्रास, म्हणून त्या इवल्याशा तुकड्याला काट्यांचं कुंपण केलं. त्यातून आलेलं बी पुन्हा वेगळं ठेवलं, पुन्हा लावलं. धानाचं फूल बहुतेक स्वतःच स्वतःचं परागण करतं, त्यामुळे निवडलेल्या लोंबीचे गुण पुढे टिकण्याची शक्यता चांगली असते. पण ते एका हंगामात कळत नाही. आमच्याकडे धानाचं पीक मुख्यतः पावसाळी. म्हणजे वर्षाला एकच प्रश्न विचारता येतो आणि उत्तराला पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं लागतं. हाताशी थोडंफार म्हणण्याइतकं बियाणं यायला १९८८ उजाडलं. दीड एकरवाल्या माणसाने जमिनीचा एक कोपरा, कितीही लहान का असेना, इतकी वर्षं एका शंकेसाठी अडवून ठेवायचा, हे धाडस केवढं असेल!

दाणा बारीक निघाला, भात चवीला उतरला. १९९० मध्ये एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून बियाणं नेऊन काही एकरांत लावलं, भरघोस पीक काढलं आणि मग बोलबाला झाला. वाणाला नाव नव्हतं. त्या काळी एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं ही मोठी गोष्ट होती, तेच नाव तांदळाला चिकटलं. बघता बघता हे बियाणं छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्रापर्यंत गेलं. शेतकऱ्यांनी एकमेकांना दिलं, व्यापाऱ्यांनी गोण्या भरल्या. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने, म्हणजे ‘पीकेव्ही’ने, अभ्यासासाठी त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाला. त्या नावात विद्यापीठ आहे, घड्याळ आहे. दादाजी नाहीत.

२००५ मध्ये सामान्य माणसांच्या शोधांची दखल घेणाऱ्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाच्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव आलं. मान मिळाला, पैसा नाही. आजारपणात अर्धांगवायू झाला आणि ३ जून २०१८ ला ते गेले. तोवर एचएमटीवर थांबले नव्हते, हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. डीआरके, विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, असे एकामागून एक वाण त्यांनी निवडून काढले. काहींना गावाचं नाव दिलं, एकाला स्वतःच्या नावाची आद्याक्षरं.

आता माझ्या कामाकडे येते, कारण हे सगळं मला तिथेच रोज आठवतं. पूर्वी एका पाकिटासाठी मी आठवडाभर बसून चारपाच चित्रं काढायची. आता संगणकाला दोन ओळी सांगितल्या की चहा संपायच्या आत पन्नास समोर येतात. नव्याने आलेल्या मुली घाबरून विचारतात, ताई, मग आपण काय करायचं? मी त्यांना दादाजींची गोष्ट सांगते. शेत भरून लोंब्या निसर्गाने दिल्या होत्या, त्यांनी एकही बनवली नव्हती. त्यांनी बघितलं, निवडलं आणि निवडलेल्याच्या मागे वर्षानुवर्षं उभे राहिले. ही निर्मितीच आहे. पन्नास चित्रांतलं कुठलं ठेवायचं आणि का, हे ज्याला कळतं त्याची गरज उद्या वाढणार आहे. ती नजर मात्र पन्नास चित्रांकडे बघून येत नाही. ती मालाकडे, माणसांकडे, दुकानातल्या फळीकडे वर्षानुवर्षं बघून येते.

आणि तीच नजर आपण गावात घालवून बसतोय, याची मला फार काळजी वाटते. बाबा आता दरवर्षी पिशवीतलं बियाणं आणतात. कापणीला हार्वेस्टर येतो, दुपारपर्यंत बांधी रिकामी. मजूर मिळत नाहीत, त्यांना दोष कसा देऊ? पण विळा चालवताना प्रत्येक झाड हाताखालून जायचं, ते गेलं. आई पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी लोंब्या वेगळ्या काढून ठेवायची. बियाणं निवडणं, वाळवणं, राखेत नाहीतर कडुलिंबाच्या पाल्यात ठेवणं हे बहुतेक घरांत बायकांचंच काम. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा आई टीव्हीसमोर बसून म्हणाली, ‘हे त आमीबी करत होतो.’ खरंच करत होत्या. कोणी त्याला कला म्हटलं नाही, शास्त्रही म्हटलं नाही.

आपल्याकडे २००१ चा एक कायदा आहे, पिकांच्या वाणांचं आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचं संरक्षण करणारा. त्यानुसार शेतकरी स्वतः विकसित केलेला वाण स्वतःच्या नावावर नोंदवू शकतो. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, कृषी सहायकाच्या तोंडी, शाळेच्या परिपाठात यायला हवी. शाळेत वैज्ञानिकांच्या तसबिरी लावतात, त्यात दादाजींची एक लावली तर नागभीडच्या पोराला कळेल की शोध आपल्या धुऱ्यावरही लागतो.

मागे एका गिऱ्हाइकासाठी एचएमटीचं पाकीट केलं, तेव्हा मागच्या बाजूला दादाजींबद्दल चार ओळी टाकल्या होत्या. जागा नाही म्हणून त्या गेल्या. पोषणमूल्यांचा तक्ता, बारकोड, पत्ता, सगळ्यालाच जागा लागते, हे मलाही कळतं. पुढच्या महिन्यात त्याच तांदळाची पाच किलोची पिशवी करायची आहे. तिथे जागा भरपूर. या वेळी एकच ओळ लिहून ठेवली आहे: ‘हा वाण दादाजी खोब्रागडे, नांदेड, ता. नागभीड, जि. चंद्रपूर यांनी निवडून वाढवला.’ ती काढायला सांगितली, तर का काढायची हे मी समोर बसून विचारणार आहे.